मिलिंददादांची शिरगणती

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते आणि आई बत्तीस वर्षांची. इचलकरंजीत आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ मागांचा खडखडाट. वडील त्यातलेच चार माग चालवायचे. ते गेल्यावर मालकानं आईला कांड्या भरायला ठेवून घेतलं. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. आई दिवसभर मशीनपुढं उभी राहून कांड्या भरायची आणि मनात मोजायची. शेडमध्ये आवाज इतका, की मोजण्याशिवाय दुसरं काही करता येत नसे. ती सवय तिच्या हाडात गेली. अजूनही ती सगळं मोजते : जिन्याच्या पायऱ्या, डब्यातल्या भाकऱ्या, बसचे थांबे. विचारलं तर म्हणते, "आगं, मी कुठं मोजतीया, ते आपोआप हुतंय."

श्रावणात मालकांकडे सत्यनारायण असे. आई सकाळपासून तिथं पुऱ्या तळायला. पूजेला जोडी बसायची, आरतीला जोड्या उभ्या राहायच्या, जोडीजोडीचे फोटो निघायचे. आई मागच्या पडवीत कढईपुढं. कुणी वाईट बोलायचं नाही. 'या' म्हणायचं नाही, एवढंच. आमच्या नात्यातल्या लग्नांचे अल्बम मी पुष्कळदा चाळलेत. वडील गेल्यानंतरच्या एकाही फोटोत आई नाही. एका ठिकाणी पंगतीत वाढतानाचा तिचा हात आलाय, कोपरापर्यंत.

मी शिकले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिली मीच, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. पुढं डेल्फ्टला मास्टर्स केलं, रॉटरडॅमला नोकरी लागली, सचिनशी लग्न झालं, आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी आईला तीन महिन्यांसाठी इकडं आणलं. आमच्या मित्रमंडळींबरोबर जहाजानं उत्तरेकडची बंदरं बघून येण्याचं ठरलं ते तेव्हा. ठरलं म्हणजे मिलिंददादांनी ठरवलं. आमच्यात सगळं तेच ठरवायचे.

मिलिंददादा राहायला फेल्डहोवन नावाच्या गावी. तिथल्या मोठ्या कंपनीत चिपच्या यंत्रांवर काम. उंच, सडपातळ, बारा महिने एकच निळं जॅकेट, आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी खरीखुरी, शाळेत पीटीच्या मास्तरांकडे असते तसली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, ही गंमत असेल. गंमत नव्हती. ट्यूलिपच्या बागेत, गणपतीच्या हॉलमध्ये, एकदा तर एका म्युझियममध्ये त्यांनी ती वाजवलीय. म्युझियमची बाई धावत आली, तर हे तिला डचमध्ये समजावू लागले. बाईनं इंग्रजीत उत्तर दिलं. त्यांना सगळे डच लोक इंग्रजीतच उत्तर द्यायचे, आणि ते शेवटपर्यंत डचमध्येच बोलत राहायचे.

"बावीस वर्षं झाली मला इथं," हे त्यांचं उत्तर. प्रश्न कुठलाही असो. सायकल कुठं लावायची, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, मेथी कुठं मिळते, सगळ्याची सुरुवात बावीस वर्षांपासून. एकदा शुभांगीवहिनींनी, म्हणजे त्यांच्याच बायकोनं, नुसतं विचारलं, "चहा घेणार का?" तर म्हणाले, "शुभांगी, बावीस वर्षं झाली, ह्या वेळेला मी कॉफी घेतो." वहिनींनी कॉफी केली. त्या बाईनं बावीस वर्षांत काय काय केलं असेल, ते तिलाच ठाऊक.

दुसरा शब्द 'सिस्टिम'. आपल्या लोकांत सिस्टिम नाही, हे त्यांचं ठाम मत. आपले लोक म्हणजे आम्ही. ते स्वतः त्यात नव्हते. ओळख झाली तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "इंजिनिअरिंग कुठून?" मी कॉलेजचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, तिकडंही निघालंय का आता कॉलेज?" मी म्हटलं, "निघालं, म्हणून तर मी इथं तुमच्यासमोर उभी आहे." ते हसले. त्यांना टोमणा कळत नसे. तेवढं एक सुख त्यांच्या नशिबी होतं.

खोटं लिहिणार नाही. नव्यानं आलेल्या माणसाला ते खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, स्वतः घेऊन जायचे. घर लावायला ड्रिल मशीन घेऊन यायचे. पण पुढं वर्षभर, चार माणसांत, "ह्यांच्या भिंतीची भोकं मी पाडलीत" हे ऐकायची तयारी ठेवावी लागे. केतकी, आमची डेल्फ्टची मैत्रीण, तिनं शेवटी स्वतःचं ड्रिल विकत घेतलं.

तर सहल. आठ दिवस, रॉटरडॅमहून हॅम्बुर्ग, कोपनहेगन, ओस्लो आणि परत रॉटरडॅम. मिलिंददादांनी ग्रुप काढला, त्याला नाव दिलं 'चार जोड्या'. ते आणि शुभांगीवहिनी, केतकी आणि रोहन, फेल्डहोवनचेच आणखी एक नवरा-बायको, जे एकमेकांशीही फारसं बोलत नसत, आणि आम्ही दोघं. मी लिहिलं, 'आई पण येतेय.' तासाभरानं त्यांचा फोन.

"वर्षा, आईंना झेपेल का?"

"बारा तास उभं राहून काम केलंय तिनं. जहाजात बसायचंच आहे."

"तसं नाही ग. जेवणाचं टेबल आठाचं असतं. सगळी सिस्टिम जोडीनं बसवलीय मी. केबिन जोडीच्या, फोटो जोडीचे…"

"मग आई आणि मी एक जोडी. सचिन झोपेल एकटा."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बघतो मी. ऑड नंबर होतो ना." आईला त्या दिवसापासून मी मनातल्या मनात ऑड नंबर म्हणू लागले, म्हणजे त्यांचा राग विसरायला नको.

ग्रुपचं नाव त्यांनी बदललं नाही.

निघायच्या दिवशी रॉटरडॅमच्या धक्क्यावर मिलिंददादा दोन तास आधी हजर. निळं जॅकेट, शिट्टी, आणि या खेपेला हातात झेंडा. सेल्फी स्टिकला बांधलेलं केशरी फडकं. डच लोकांना वाटे, हा त्यांच्या केशरी फुटबॉल टीमचा माणूस; ते अंगठा दाखवून जात. मिलिंददादांना वाटे, लोक आपली शिस्त बघून कौतुक करताहेत. शिट्टी वाजली. "जोडी एक!" त्यांनी स्वतःच हात वर केला. "जोडी दोन! तीन! चार! पूर्ण. चला." आई माझ्या शेजारी नवे बूट घालून उभी होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "आगं, मी कितवी?"

"तू मोजायच्या पलीकडं आहेस आई," मी म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

जेवणाच्या टेबलाचा त्यांनी एवढा बाऊ केला होता, तो प्रश्न वेटरनं पाच सेकंदांत सोडवला. जोसे नावाचा फिलिपिनो मुलगा होता. त्यानं आईला बघितलं, शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, नववं ताट मांडलं आणि तिला वाकून म्हणाला, "वेलकम, ममा." मिलिंददादांनी त्याला थांबवून, टेबल आठाचं असल्याचं डचमध्ये सांगितलं. तो "येस सर" म्हणाला आणि आईच्या पेल्यात पाणी ओतू लागला. त्या दिवसापासून आईला जहाजावर एक माणूस झाला. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं, आणि दोघांच्या गप्पा आमच्या टेबलावरच्या गप्पांपेक्षा बऱ्या चालायच्या.

हॅम्बुर्गला फोटो. पाठीमागं बंदर, क्रेन, मोठमोठ्या बोटी. समोर एकेक जोडी. मिलिंददादा जोडीला उभं करायचे, हनुवटी वर करायला लावायचे, मग शिट्टी. एकदा शिट्टी म्हणजे तयार, दोनदा म्हणजे झाला फोटो. सगळ्या जोड्या झाल्यावर आठ जणांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. आई रांगेच्या टोकाला येऊन उभी राहिली. मिलिंददादा म्हणाले, "आई, तुम्ही जरा पिशव्या आणि झेंडा धरता का? फ्रेममध्ये येतंय सगळं."

आईनं झेंडा घेतला, पिशव्या घेतल्या आणि बाजूला झाली. इतकी सहज, की जणू तीस वर्षांची सवय. ती सवयच होती. मी फोटोतून बाहेर पडले आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. मिलिंददादा ओरडले, "वर्षा, जोडी तुटतेय!" सचिनही बाहेर आला. मग तो फोटो त्यांनी तीन जोड्यांचा काढला, आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'काही मेंबर्स मूडमध्ये नव्हते.'

आई केबिनमध्ये मला म्हणाली, "कशाला त्यांच्या नादी लागतीस? मला काय फोटोची हौस हाय व्हय?" म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती. बॅगेतल्या साड्या परत घडी घालत होती. चारच होत्या, आणि घड्या आधीच नीट होत्या.

हॅम्बुर्ग सोडल्यावर समुद्र खवळला. सचिनला बोट इतकी लागली, की कोपनहेगनला पोचलो तेव्हा त्याला उठून बसताही येईना. मी त्याच्यापाशी थांबले. आईला गाव बघायचं होतं. केतकी म्हणाली, मी बघते काकूंकडे. तेवढ्यात मिलिंददादा मधे पडले. "कुणी कुणाला बघायचं नाही, ग्रुपची जबाबदारी माझी. तू निश्चिंत राहा, बावीस वर्षं झाली मला." आणि आईला घेऊन ते सहा जण बसनं गावात गेले. सगळ्यांची बसची तिकिटं मिलिंददादांच्या पाकिटात, कारण सिस्टिम. आईच्या गळ्यात जहाजाचं कार्ड, आणि फोनला वायफाय असेल तरच जीव.

साडेचारला जहाजावर परत यायचं होतं. सव्वातीनला मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले, तर खालून मिलिंददादा वर येताना दिसले. मागं वहिनी, रोहन, केतकी, ते दोघं न बोलणारे. बस्स.

"आई कुठं?"

मिलिंददादांनी मागं वळून बघितलं. "तुझ्याबरोबर नाहीत?"

"माझ्याबरोबर? मी जहाजावर आहे, दादा. सकाळपासून जहाजावर आहे."

"पण मी मोजले ना," ते म्हणाले. आवाजात घाबरणं नव्हतं, तक्रार होती. "बसमध्ये चढताना मोजले. जोडी एक, जोडी दोन, जोडी तीन. चौथी जहाजावर. पूर्ण."

केतकी रडकुंडीला आली. "वर्षा, त्या टॉयलेटला गेल्या होत्या ग, लाईन होती. बस आली, दादांनी शिट्टी मारली, मला वाटलं त्या मागच्या दारानं चढल्या…"

मी केबिनमध्ये धावले, आईचा आणि माझा, दोन्ही पासपोर्ट उचलले आणि परत जिन्याशी आले. मिलिंददादा वाट अडवून उभे.

"वर्षा, भावनेच्या भरात निर्णय नको. जहाज कुणासाठी थांबत नाही. आता एक मेंबर मागं आहे. तू उतरलीस तर दोन होतील. सिस्टिमनं विचार कर."

आयुष्यात मी पुष्कळ लोकांना मनातल्या मनात शिव्या दिल्यात. त्या दिवशी शिवीसुद्धा सुचली नाही. मी म्हटलं, "दादा, दोन झाले तर तुमची जोडी पुरी होईल. बाजूला व्हा." आणि खाली उतरले. केतकी माझ्यामागून आली.

जेटीवरून गावाकडं लांब, सरळ रस्ता जातो. एका बाजूला कंटेनर, दुसऱ्या बाजूला पाणी, वारा अंगावर. आम्ही पहिल्या थांब्यावर बसची वाट बघत उभ्या राहिलो. सात मिनिटं दाखवत होती. केतकी रडत म्हणाली, "तुला सांगू? बसमध्ये दादा अख्ख्या वाटेत झेंडा शोधत होते. सीटच्या खाली वाकून. ड्रायव्हरला विचारून आले. कुणाकडं दिला, कुणाकडं दिला, असं सगळ्यांना विचारत होते. आणि आम्हीही सीटखाली बघत होतो ग. झेंडा कुणाकडं आहे, हे एकालाही आठवलं नाही."

ते मी ऐकत होते आणि रस्त्याकडं बघत होते. लांबवर, कंटेनरांच्या कडेनं काहीतरी केशरी हललं.

आई येत होती. हिरवी साडी, वर माझं जॅकेट, पायात नवे बूट, आणि काखेत गुंडाळलेला झेंडा. टोक तेवढं बाहेर आलं होतं. धावत नव्हती. शेडमधून घरी यायची त्याच चालीनं येत होती. मी धावले. मला बघून तिनं पहिलं काय विचारलं असेल? "सचिनराव जेवलं का काय?"

"आई, तू आलीस कशी?"

"कशी म्हंजी? चालत. जाताना बसमधनं अकरा थांबे मोजलं हुतं. खांबावर बशीचा नंबर लिवलेला असतोय. एका खांबापासनं दुसऱ्या खांबापतूर चालायचं. अकरा झालं की जहाज." मग म्हणाली, "तिकीट त्यांच्याकडं हुतं. बिगरतिकिटाची कशी चढू?"

तिचे डोळे तेव्हा भरले. चालून नव्हे. म्हणाली, "बस माझ्या डोळ्यासमोरनं गेली बघ. मी हात केला. झेंडा हलिवला. कुणी बघितलंच न्हाई."

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिघी जहाजाचा जिना चढलो. वर सगळे उभे होते. शुभांगीवहिनी पुढं येऊन आईच्या गळ्यात पडल्या. आणि मिलिंददादा, बावीस वर्षांचे मिलिंददादा, आईच्या काखेकडं बघून म्हणाले, "अरे वा! झेंडा सापडला!"

तिथं असलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं. न बोलणाऱ्या नवऱ्यानं त्या सहलीत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाला, "शी." बास, एवढंच. पण मी त्या माणसाला तेव्हापासून मानते.

आईनं झेंडा त्यांच्या हातात दिला. तिचा आवाज शांत होता. "भाऊ, मी चौथी शिकल्याली बाई. पर एक सांगू? आमी कांड्यासुदिक एक-एक मोजत हुतो. ही तर माणसं हायती."

मिलिंददादा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं आई, पण तुम्ही निघताना इन्फॉर्म करायला पाहिजे होतं." आणि झेंडा झटकून नीट गुंडाळू लागले. लाज वाटायलाही माणसाला काहीतरी दिसावं लागतं. त्यांना फक्त झेंड्यावरचा डाग दिसला.

ओस्लोला शिट्टी वाजली. "जोडी एक!" कुणी हात वर केला नाही. स्वतः त्यांनीच केला, आणि शेजारी बघितलं, तर वहिनी आईजवळ जाऊन उभ्या होत्या. केतकी मोठ्यानं म्हणाली, "एक." रोहन म्हणाला, "दोन." मग तीन, चार, असं करत, दादांचा आकडाही वहिनींनीच म्हणून टाकला, सचिन आठ म्हणाला, आणि आई लाजत, पदर सावरत म्हणाली, "नऊ." मिलिंददादा कागदावर काहीतरी खरडत राहिले. त्यांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

त्यांना मी शेवटचं नीट बघितलं ते रॉटरडॅमला परतलो त्या सकाळी. आता फेल्डहोवनला गणपतीत ते दिसतात, शिट्टी तीच, आवाज तोच, पण मी थांबत नाही. त्या सकाळी सगळे बॅगा घेऊन मेट्रोकडं निघाले होते. मीही निघाले, आणि कोपऱ्यावरून सहज वळून बघितलं. धक्क्यावरच्या भल्या मोठ्या हॉलमध्ये मिलिंददादा एकटे उभे होते. झेंडा काखेत. समोर त्यांच्या स्वतःच्या पाच बॅगा, ओळीनं मांडलेल्या. बोटानं एकेकीला हात लावत ते मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पुन्हा पहिल्यापासून. बॅगा ते एक-एक मोजत होते.

आई माझ्या पुढं, हातात स्वतःची पिशवी घेऊन चालत होती. त्या पिशवीत एक फोटो होता. आदल्या संध्याकाळी जोसेनं आमच्या टेबलापाशी काढलेला, आणि स्वतः जाऊन छापून आणलेला. तो आता इचलकरंजीत आमच्या पुढच्या खोलीत, वडिलांच्या फोटोशेजारी लावलाय. त्यात नऊ माणसं आहेत. आई मधल्या खुर्चीवर बसलीय, आणि ती पूर्ण आलीय.